तीन वाजताचं पाणी

सकाळी सव्वासहाला ललिताबाई परसातल्या पत्र्याच्या आडोशातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. रंगनाथराव दुसरा टॉवेल घेऊन मागच्या दारात उभे होते. पाणी कसं होतं हे विचारायच्या आधी त्यांनी टॉवेल पुढं केला.

"सरळ गोदावरीत नेऊन उभं केलं असतं तरी चाललं असतं," एवढंच बोलून ललिताबाई आत गेल्या. सात वाजता त्यांची शाळा भरायची. केस न विंचरताच त्यांनी अंबाडा घातला, स्वेटरवर शाल घेतली आणि त्या निघून गेल्या.

रंगनाथराव आव्हाड शिडीवरून परसातल्या खोलीच्या स्लॅबवर चढले. तिथं दोनशे लिटरचं पिंप काळ्या रंगात न्हाऊन उभं होतं. शेजारी लाकडी चौकट, तिच्यात काळ्या नळीची वेटोळी, वर जुन्या खिडकीची काच. नळ्या ठिबकच्या होत्या. ललिताबाईंचे भाऊ पुंजाराम यांनी पिंपळगावच्या बागेतून काढून टाकलेल्या. त्यामुळे पहिले दोन दिवस पाण्याला द्राक्षावर मारायच्या गंधकाचा वास येत होता. तो आता गेला होता. रंगनाथरावांनी पिंपाला हात लावून पाहिला. पिंप बर्फासारखं गार होतं. काल दुपारच्या उन्हात याच पिंपाला हात लावला तेव्हा चटका बसला होता.

हे सगळं व्हायचं कारण म्हणजे लोडशेडिंग. २००६ च्या त्या हिवाळ्यात गंगापूर रोडच्या त्यांच्या कॉलनीत पहाटे साडेपाचला वीज जायची ती साडेआठला यायची. गिझर भिंतीवर नुसता लटकलेला. ललिताबाई गॅसवर पातेलं ठेवत, पाणी तापलं की बादलीत ओतत आणि दुखऱ्या मनगटानं ती बादली न्हाणीत नेत. रंगनाथराव बादली उचलायला पुढं झाले की त्या म्हणत, "राहू द्या, तुम्ही झोपा. तुम्हाला कुठं जायचंय?"

त्यात टोमणा नव्हता. खरोखरच त्यांना कुठं जायचं नव्हतं. सातपूरच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं त्यांनी मेंटेनन्स सांभाळलं होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं एकशे दहा जणांना व्हीआरएस दिली, त्यात ते घरी आले. तेव्हापासून त्यांनी पान्ह्याला हात लावला नव्हता. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहणं. मुलगी लग्न होऊन औरंगाबादला गेली होती. ती फोनवर आईशी बोलायची आणि शेवटी विचारायची, "पप्पा काय करतात?" ललिताबाई सांगायच्या, "आहेत."

त्या "आहेत"वरूनच एक दिवस त्यांनी पान्हे बाहेर काढले.

पहिल्या फजितीनंतर त्यांनी आठ दिवस आणखी झुंज दिली. पिंपाला गोधडी गुंडाळली, गोधडीवर भाताचं तूस भरलेली पोती बांधली, पोत्यांवर प्लास्टिक. पाणी सकाळी गार ते गारच. दुपारी तीनला मात्र वाफाळायचं.

"दुपारी तीनला कडक असतं बघ," ते एकदा जेवताना म्हणाले. "तू साडेबाराला येतेसच. तीनला अंघोळ केलीस तर?"

ललिताबाईंनी भाकरी मोडता मोडता त्यांच्याकडे पाहिलं. "तीनला कोण अंघोळ करतं? मयताहून आलेली माणसं करतात."

विषय तिथं संपला. रंगनाथरावांनी पान्हे पुन्हा पेटीत ठेवले.

त्याच आठवड्यात समोरच्या भिमाजी आहेरांचे वडील गेले. नव्वदीचे होते, दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. रंगनाथरावही त्यांना पोचवायला अमरधामला गेले. परत आले तेव्हा तीन वाजत आले होते. ऊन होतं पण वारं असं बोचरं की माणसं उभ्या उभ्या काकडत होती. भिमाजींच्या अंगणात एक बादली आणि एक तांब्या ठेवलेला. महापालिकेचं पाणी सकाळीच येऊन गेलेलं, टाकीत खडखडाट. अकरा माणसं त्या एका बादलीकडे बघत उभी राहिली. अंघोळ केल्याशिवाय कोणाला घरात जाता येईना.

रंगनाथराव घसा खाकरून म्हणाले, "माझ्याकडे गरम पाणी आहे. परसात. मागच्या गल्लीतूनच जाता येतं, घरात यायला नको."

आधी भिमाजी गेले. ते आत गेले, पडदा ओढला, शॉवरच्या जाळीतून पाणी सुरू झालं, आणि बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग भिमाजी ओलेते बाहेर आले.

"सुख वाटलं हो," ते म्हणाले, आणि आपण आज असं म्हणायला नको होतं हे ध्यानात येऊन त्यांनी मान खाली घातली.

अकराही जण न्हाऊन गेले. जाताना प्रत्येकानं वर पिंपाकडे पाहिलं. एकानं विचारलं, "स्वतः केलंत?" दोन वर्षांत रंगनाथरावांना त्यांच्या कामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी ठिबकच्या नळ्यांपासून सुरुवात केली. विचारणारा ओल्या पंच्यात कुडकुडत शेवटपर्यंत ऐकत राहिला.

गोष्ट इथं थांबायची, पण त्या दिवशी शववाहिनीचा चालक नाथा यानंही अंघोळ केली होती. नाथाचा दिवस सगळा अशाच घरांतून जायचा. चार दिवसांनी तो मागच्या गल्लीत गाडी लावून फाटकाशी आला.

"रंगनाथभाऊ, पलीकडच्या सोसायटीतले लोक हायेत. आठ जण. म्हटलं, हितं पाणी लय झ्याक हाय, चला. चालंल ना?"

लोक गाडीतून उतरलेच होते. डोळे सुजलेले, पायात चपला नाहीत. नाही कसं म्हणणार?

मग नाथा येतच राहिला. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. लोक आपापसांत बोलू लागले, "दोनच्या आत उचललं तर आव्हाडांकडे गरम मिळेल." एका घरी तर मुंबईहून येणाऱ्या जावयासाठी थांबायचं की नाही यावर वाद झाला, आणि जावई पाचच्या आत पोचत नाही म्हटल्यावर थोरला मुलगा म्हणाला, "पाचला पाणी कोमट होतं." थांबले नाहीत.

रंगनाथरावांनी पान्हे पुन्हा बाहेर काढले. दुसरं पिंप चढवलं. म्हाताऱ्या माणसांना बसता यावं म्हणून आडोशालगत कडाप्प्याची फरशी बसवली. ओले कपडे टाकायला तार बांधली, साबणाला खोबणी केली, आणि कडुनिंबाची डहाळी खिळ्याला अडकवून ठेवली, म्हणजे दोन पानं चावायला कोणाला शोधत हिंडायला नको. नाथा आता आगाऊ सूचना देऊ लागला.

"उद्याचं काय सांगता येत नाय," तो हॉर्न न वाजवता गाडी थांबवून म्हणायचा. "पण दवाखान्यात एक लय सीरियस हाय. परवा धरा."

जानेवारीच्या सुरुवातीला चार दिवस कोणीच आलं नाही. आभाळ निरभ्र होतं, दोन्ही पिंपं तापून काठोकाठ होती. रंगनाथराव तीन वाजता परसात खुर्ची टाकून बसले, साडेतीनला उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. कशाचं चुकल्यासारखं होतंय हे लक्षात आलं तेव्हा ते घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

या सगळ्यात ललिताबाईंनी फक्त मागचं दार बंद ठेवायला सुरुवात केली होती. पण त्यांचं हळदीकुंकू आलं. संक्रांतीनंतरचा शनिवार, संध्याकाळी पाचची वेळ. शाळेतल्या बाया, कॉलनीतल्या बाया, सगळ्यांना घरी जाऊन बोलावणं केलं होतं. वाण म्हणून चहाच्या पंचवीस गाळण्या आणल्या होत्या.

"आज कोणी येणार नाही ना?" सकाळी त्यांनी विचारलं.

"नाथाला सांगून ठेवलंय," रंगनाथराव म्हणाले.

नाथाला सांगितलं होतं हे खरं होतं. पण त्या दिवशी गाडीवर नाथा नव्हता. लाकडं ओली निघाल्यानं अमरधामला उशीर झाला आणि सव्वाचारला एक टेम्पो भरून माणसं आली. चालक नवा. त्यानं मागची गल्ली सोडून टेम्पो पुढच्या फाटकाशी आणून लावला. पाच वाजता काळ्या साड्या, गजरे, हलव्याचे दागिने घालून बाया फाटकाशी पोचल्या, तर समोरून पंचे गुंडाळलेले, निथळणारे, निंबाची पानं चावणारे सतरा पुरुष एकामागून एक बाहेर पडत होते.

पहिल्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती मागं फिरली. मागच्या बाईला वाटलं, आव्हाडांकडेच काही झालं. बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली आणि ती चुकीची होती हे कळायला दुसरा दिवस उजाडला. शाळेच्या मुख्याध्यापिका तर अर्ध्या रस्त्यातून परतल्या आणि हार घेऊन आल्या.

हळदीकुंकवाला आली ती एकटी शेजारची अक्काबाई. सत्तरीची बाई, नवरा पक्षाघातानं घरात बसलेला. तिनं लुगडं घोट्याच्या वर धरलं, चिखल ओलांडला आणि पायरीवर येऊन म्हणाली, "लाव बाई कुंकू. मला काय ह्यांचं भ्या हाय?" तिळगूळ खाऊन, गाळणी घेऊन ती तासभर बसली. बाकी चोवीस गाळण्या ताटात तशाच राहिल्या.

ती गेल्यावर ललिताबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं मी शाळेत ऐकलं, तुमचे मिस्टर काय करतात. ते एक वेळ चालायचं. आता मिस्टर काय करतात ते सगळ्यांना माहीत झालंय." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर रंगनाथरावांना बरं वाटलं असतं.

"उद्यापासून बंद करतो," ते म्हणाले.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यांनी पान्हा घेऊन खालची तोटी बंद केली, मागच्या फाटकाला कुलूप लावलं आणि नाथाला तसं सांगितलं. नाथाला वाईट वाटलं. "वहिनींचं बी खरं हाय," तो म्हणाला. "पण आज एक साहेबलोक हायेत. त्यांना मी शब्द देऊन बसलो. एवढं आजचं शेवटचं होऊ द्या."

साहेबलोक चौघंच होते. मोटारीतून आले. रंगनाथरावांनी तेवढ्यापुरतं कुलूप काढलं, तोटी उघडली. साहेबांची बायको गेली होती. ते सर्वांत शेवटी आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्याजवळ टॉवेल नव्हता. रंगनाथरावांनी आपला दिला. चष्मा काढलेला, केस कपाळाला चिकटलेले, तरी चेहरा ओळखू आला. ते सबनीस होते, कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर.

"फार बरं पाणी आहे," सबनीस डोकं पुसत म्हणाले. "हे तुम्ही केलंत? जोडकाम छान आहे. कुठं गळत नाही. कुठं होतात तुम्ही?"

"तुमच्याकडंच. मेंटेनन्सला होतो, सत्तावीस वर्षं."

सबनीसांचा हात थांबला. "व्हीआरएसमध्ये?"

"हो."

"मग कागद मीच दिले असतील."

"हो. चहा पण पाजला होता तुम्ही."

सबनीसांच्या दुसऱ्या हातात आतला साबण तसाच होता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण अंगावर दुसऱ्याचा टॉवेल, त्याच दिवशी बायको गेलेली, आणि समोर आपण घरी बसवलेला माणूस आपल्यासाठी पाणी तापवून उभा, अशा वेळी काय बोलतात हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "साबण कुठं ठेवू?"

"असू द्या तिथंच," रंगनाथराव म्हणाले.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी हे ललिताबाईंना सांगितलं. ललिताबाई वह्या तपासत होत्या. लाल पेन तसंच हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "पाणी नीट तापलेलं होतं ना?"

"कडक होतं."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पुढची वही ओढली.

मागच्या फाटकाला पुन्हा लावलेलं कुलूप दुसऱ्या दिवशी कोणी काढलं हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. फक्त पुढच्या फाटकावर ललिताबाईंनी खडूनं ठळक अक्षरात लिहिलं, 'अंघोळीसाठी मागून यावे.'

उन्हाळा सुखाचा गेला. म्हणजे रंगनाथरावांचा. एप्रिलमध्ये पाणी इतकं तापलं की मयताहून आलेला एक चुलत भाऊ भाजून, ओरडत, साबणासकट गल्लीत पळाला आणि गेलेल्या माणसाचा मुलगा सकाळपासून पहिल्यांदाच हसला. त्यानंतर रंगनाथरावांनी गार पाण्याची वेगळी तोटी बसवली.

मग जुलै आला. आठ दिवस सूर्य दिसला नाही. काचेवर शेवाळ धरलं, पिंपांवरून पाण्याचे ओघळ वाहू लागले. नाथा गाडीतूनच हात हलवून सरळ पुढं जाऊ लागला. आणि अशा त्या झडीत, नवव्या दिवशी पहाटे, अक्काबाई गेली. आदल्या दिवशी तिनं ललिताबाईंना अळूची पानं आणून दिली होती.

तिचा मुलगा गोरक्ष सकाळी भिंतीवरून वाकून म्हणाला, "काका, दुपारी येतो आम्ही. तीनपर्यंत. गावाकडनं मामा, पाहुणे, पंधरा-वीस जण होतील."

त्याचे डोळे लाल होते. आभाळाकडे त्यानं पाहिलंही नव्हतं. त्याच्या हिशेबी आव्हाडांकडे तीनला गरम पाणी असायचं, एवढंच होतं. रंगनाथराव "या" म्हणाले.

ते अमरधामला गेले नाहीत. लोक निघाल्यावर त्यांनी एका पिंपातलं गार पाणी निम्म्याच्या खाली सोडून दिलं, घरातलं सर्वांत मोठं पातेलं गॅसवर चढवलं, आणि पाणी उकळलं की बादलीत ओतून ती एका हातात धरून पावसात शिडी चढू लागले. तिसऱ्या खेपेला त्यांचा पाय घसरला. बादली सांडली, शिडीच्या कडेनं नडगी सोलली. ते खाली चिखलात बसले असतानाच ललिताबाई मागच्या दारात आल्या. शाळेतून अर्ध्यातच सुटी घेऊन त्या अक्काबाईला पोचवायला गेल्या होत्या, आणि बायकांच्या आधी परतल्या होत्या. अंगावर ओली साडी तशीच होती.

"हे काय चाललंय?"

"पाणी," रंगनाथराव म्हणाले.

"मग खालीच द्या ना बादलीतून. वर कशाला ओतताय?"

"बादलीतून दिलं तर कळेल. गोरक्ष लगेच म्हणेल, काकूंचा सिलिंडर कशाला जाळता. गारच ओतून घेईल सगळ्यांच्या अंगावर." त्यांनी चिखलातली बादली सरळ केली. "आणि पिंपाचंही जरा नाव आहे आता."

ललिताबाई त्यांच्या नडगीकडे आणि वर पिंपाकडे पाहत राहिल्या. हिवाळाभर त्यांच्या दुखऱ्या मनगटाला बादली उचलायला लागू नये म्हणून हा माणूस राबला होता. त्या आत गेल्या. गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर कुकरचं भांडं चढल्याचा आवाज आला. मग त्या तापलेल्या पाण्याची बादली दोन्ही हातांनी धरून शिडीच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही वर जाऊन दोरी सोडा. मी खालून देते. सारखं चढउतार नको."

अकराव्या बादलीला गॅस संपला. दुसरा सिलिंडर नोंदवून पंधरा दिवस झाले होते, आला नव्हता. ललिताबाईंनी माळ्यावरून रॉकेलचा स्टोव्ह काढला. तो पेटायला तयार नव्हता, पेटल्यावर भडकला, आणि त्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी बसली. पावणेतीनला शेवटची बादली वर गेली. रंगनाथरावांनी पिंपात कोपरापर्यंत हात घालून पाहिला आणि खाली ललिताबाईंकडे पाहून होकाराची मान हलवली.

तीनला माणसं आली. पाऊस पडतच होता. गोरक्ष आधी आत गेला. जाळीतून पाणी आलं, वाफेचा लोट पडद्यावरून वर आला, आणि आत तो इतका वेळ हुंदके देत राहिला की बाहेरच्यांनी एकमेकांकडे न पाहता आपापले पाय न्याहाळले. घरात त्याला आपल्या वडिलांसमोर रडता आलं नव्हतं. पाणी पंधराव्या माणसापर्यंत पुरलं.

पंधरावे, शेवटचे, अक्काबाईचे भाऊ होते, इगतपुरीकडचे. भातशेती करणारे, वाळलेल्या अंगाचे म्हातारे गृहस्थ. न्हाऊन आले, कडाप्प्यावर बसले आणि मान मागं टाकून ते पिंप, ती काच, ते काळंभोर आभाळ असं सगळं आळीपाळीनं पाहू लागले.

"ऊन नाय, काय नाय," ते म्हणाले, "आन् पाणी असं कसं तापलं हो?"

"काळा रंग ओढून घेतो," रंगनाथराव म्हणाले.

"लय भारी काम केलं तुम्ही. माझी बहीण सांगायची, शेजारी लय गुणाचा माणूस हाय म्हनून." म्हातारबाबांनी डोळे पुसले. "आमच्या इगतपुरीला चार-चार महिने सूर्य दिसत नाय. तिकडं चालंल का हो असं?"

रंगनाथरावांनी मागच्या दाराकडे पाहिलं. ललिताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. तोंड काळं झालेलं, मनगटाला ओलं फडकं गुंडाळलेलं. त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"चालेल की," ते म्हणाले. "पण त्याला दोन माणसं लागतात."